टायगर मास्क एकच माणूस आहे का? मुखवटा वाटून घेतलेल्या एका मल्लाचं उत्तर

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. जपानचा टायगर मास्क १९८१ पासून चाळीसहून अधिक वर्षं रिंगमध्ये दिसतो, तर तो एकच माणूस आहे का? माणसं बदलत असतील तर ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का? आणि मुखवटा एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा कापडाखेरीज नेमकं काय दिलं जातं?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे: एकच माणूस नाही. दुसऱ्याकडे नंतर येतो. तिसऱ्यावर मात्र मला भरपूर लिहायचंय, कारण ते काम मी स्वतः केलंय. मी मिरजेच्या तालमीत, मातीत वाढलो. पुढे शिक्षणासाठी इंग्लंडला गेलो आणि लँकेशायरमधल्या छोट्या सभागृहांत होणाऱ्या व्यावसायिक कुस्तीत शिरलो. अकरा वर्षं रिंगमध्ये होतो, त्यातली साडेतीन वर्षं मुखवट्यात. तो मुखवटा माझ्याआधी दोघांनी घातला होता आणि माझ्यानंतर एकाने. कोणता मुखवटा ते लिहिणार नाही. आज तो ज्याच्याकडे आहे, त्याच्या पोटाचा तो प्रश्न आहे.

व्यावसायिक कुस्ती म्हणजे टीव्हीवर दिसते ती. निकाल आधी ठरलेला असतो आणि दोन मल्ल मिळून लढत उभी करतात. पडणं, आपटणं आणि दम लागणं मात्र खरंच असतं. मातीतली कुस्ती आणि ही कुस्ती यांची तुलना करून नाक मुरडणारे खूप भेटतात. मी दोन्ही केल्यात आणि दोन्हींचा मान ठेवतो.

टायगर मास्क आधी कागदावर जन्मला. १९६८ ते १९७१ या काळात इक्की काजिवारा यांनी लिहिलेली आणि नाओकी त्सुजी यांनी चितारलेली ही चित्रकथा जपानमधली मुलं अक्षरशः वाट बघून वाचत. नायक नाओतो दाते हा अनाथाश्रमात वाढलेला मुलगा. ‘वाघाची गुहा’ नावाच्या एका क्रूर संस्थेत तो तयार होतो, अमेरिकेत दुष्ट मल्ल म्हणून नाव काढतो आणि मायदेशी परततो. संस्थेला द्यायचा कमाईतला वाटा तो आश्रमातल्या मुलांना देऊन टाकतो. मग संस्था त्याच्यामागे एकामागून एक मारेकरी मल्ल धाडते. १९६९ पासून यावर कार्टून मालिकाही आली. म्हणजे खरा टायगर मास्क रिंगमध्ये उतरला, त्याच्या आधी बारा-तेरा वर्षं देशातल्या प्रत्येक मुलाला तो माहीत होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ज्या सोंगाची लोकांनी आधीच मनात मूर्ती घडवलेली असते, ते घेणं सगळ्यात अवघड.

एप्रिल १९८१ मध्ये टीव्हीवर नवी टायगर मास्क मालिका सुरू झाली. त्याच वाहिनीवर अँटोनियो इनोकी या बड्या मल्लाच्या न्यू जपान प्रो रेसलिंग या संस्थेच्या कुस्त्या दाखवत. मालिकेतला वाघ खरोखर रिंगमध्ये आणायचं ठरलं. त्यासाठी निवडलेला मल्ल, सातोरू सायामा, तेव्हा इंग्लंडमध्ये होता. तिथे तो ‘सॅमी ली’ या नावाने, ब्रूस लीचा नातेवाईक म्हणून कुस्त्या करत होता. वय २३, उंची १७३ सेंटिमीटरच्या आसपास. मी लँकेशायरला पोचलो तोवर त्या गोष्टीला वीस वर्षं उलटून गेली होती, तरी कपडे बदलायच्या खोलीत म्हातारे मल्ल त्याचा विषय निघाला की हातातलं काम थांबवून बोलत.

२३ एप्रिल १९८१. टोकियोचं कुरामाए कोकुगिकान, तेव्हाचं सुमो कुस्त्यांचं सभागृह. समोर इंग्लंडचाच डायनामाइट किड, म्हणजे टॉम बिलिंग्टन. सायामाला दिलेला मुखवटा घाईघाईत शिवलेला, साध्या कापडाचा होता. चित्रकथेतला भारदस्त वाघ मनात घेऊन आलेल्या गर्दीला तो बघून हसू आलं. दहा मिनिटांच्या आत ते हसू मावळलं. मागून कंबरेला विळखा घालून सायामाने किडला डोक्यावरून मागे टाकलं आणि स्वतः मानेचा पूल करून तसाच चीत धरला. याला जर्मन सुप्लेक्स म्हणतात. त्या पुलावर उभा राहिलेला शेवटचा क्षण आजही पाहा. टाचा उचललेल्या, सगळं वजन मान आणि चवड्यांवर. तालमीत मानेचा पूल केलेल्या माणसाला त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

हा माणूस असा कसा तयार झाला? मला वाटतं सगळं रहस्य इथेच आहे. सायामा न्यू जपानच्या डोजोत, म्हणजे त्यांच्या तालमीत घडला. तिथला रोजचा पाया म्हणजे शेकड्यांनी बैठका. जपानी मल्ल त्यांना आजही ‘हिंदू स्क्वॉट’ म्हणतात. कार्ल गॉच नावाच्या वस्तादांनी आपल्याकडचे जोर आणि बैठका जपानी मल्लांच्या अंगात मुरवल्या. गॉच स्वतः लँकेशायरच्या विगनमध्ये बिली रायली यांच्या तालमीत कुस्ती शिकलेले. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. मिरज, विगन आणि टोकियो यांना जोडणारा धागा बैठकांचा निघाला!

त्यानंतर सायामा मेक्सिकोत गेला. तिथल्या लुचा लिब्रे या व्यावसायिक कुस्तीत त्याने हवेतल्या उड्या आणि कोलांट्या शिकल्या. मग इंग्लंडला पकडीची कुस्ती, सांधे वळवणं, सुटणं. लाथा त्याच्याकडे आधीपासून होत्या. आता एक बारकावा सांगतो, जो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. जपान आणि अमेरिकेत मल्ल प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या अंगावर काम करतात: डावा हात, डावा पाय, डावीकडून डोक्याला मिठी. मेक्सिकोत नेमकं उलटं, सगळं उजव्या अंगावर. एका पद्धतीत वाढलेला मल्ल दुसरीत गेला की महिनोन्‌महिने दोघांचे हात एकमेकांत अडकतात. सायामाच्या पायांत दोन्ही बाजू भिनल्या होत्या. कोपऱ्याच्या गाद्यांवर पाय देत उलटी कोलांटी घ्यायची, आता दोरांतून बाहेर झेप घेणार असं भासवायचं आणि त्याऐवजी वरच्या व मधल्या दोराला धरून गरकन फिरून परत रिंगमध्ये यायचं, ही त्याची खूण. या हुलकावणीला ‘टायगर फेंट’ म्हणतात. रे मिस्टेरिओ या मल्लाचा ‘६१९’ हा डाव बघून ज्यांनी लहानपणी पलंगाच्या दांडीला लटकून पाय फिरवले, त्यांनी नकळत सायामाचीच नक्कल केली. ६१९ त्यातूनच आला.

श्रेयातला वाटा समोरच्याला द्यायलाच हवा. मुखवट्याला लोक हसत असताना डायनामाइट किड त्याच्याशी पूर्ण गांभीर्याने लढला. त्याने वाघाला वाघ मानलं, म्हणून गर्दीनेही मानलं. नंतरच्या दोन वर्षांत या दोघांनी अशा कुस्त्या केल्या की हलक्या वजनाच्या मल्लांची कुस्ती जगभर बदलून गेली. किडने मात्र त्याची जबर किंमत मोजली. आयुष्याची शेवटची वीसेक वर्षं चाकाच्या खुर्चीत काढून २०१८ साली साठाव्या वाढदिवशी तो गेला. कुनिआकी कोबायाशी हा दुसरा महत्त्वाचा प्रतिस्पर्धी. तो कुस्ती चालू असताना मुखवटा फाडायला धावायचा. मुखवटा फाडणं म्हणजे काय हे बाहेरून कळत नाही. एक डोळा कापडाखाली जातो, श्वास अडतो आणि तरीही पुढचा डाव चुकवून चालत नाही. आणि ब्लॅक टायगर, म्हणजे मुखवट्याआडचा इंग्लिश मल्ल मार्क रोको. गंमत बघा, या काळ्या वाघाचंही पुढे तेच झालं. नंतर तो मुखवटा एडी गरेरोने घातला, त्याच्यानंतर मेक्सिकोच्या सिल्व्हर किंगने.

ऑगस्ट १९८३ मध्ये, प्रसिद्धीच्या ऐन शिखरावर, सायामाने न्यू जपान सोडलं. वय होतं अवघं २५. पुढे त्याने शूटो ही खऱ्याखुऱ्या लढतींची पद्धत उभी केली. आजच्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या पूर्वजांत तिचं नाव घेतलं जातं. मुखवटा मात्र रिकामा राहिला.

इथून तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा सुरू होतो.

मुखवट्याचे हक्क प्रतिस्पर्धी संस्थेकडे, जायंट बाबा यांच्या ऑल जपानकडे गेले. मेक्सिकोत गेलेल्या मित्सुहारू मिसावा या तरुण मल्लाला बाबांनी परत बोलावलं आणि २६ ऑगस्ट १९८४ रोजी टोकियोच्या देनेन कॉलिसियममध्ये तो ‘दुसरा टायगर मास्क’ म्हणून उतरला. मिसावा गुणी होता, उड्या मारू शकत होता. पण त्याची उंची होती १८५ सेंटिमीटर आणि अंगाचा कल जड वजनाच्या, कोपराच्या फटक्यांच्या कुस्तीकडे. सायामाचा वाघ मांजरासारखा पावलं टाकायचा. मिसावाचं पाऊल पडलं की गादीचा आवाज यायचा. लोकांचे डोळे मुखवट्यावर आणि मन जुन्या पावलांत अडकलेलं. तुम्ही त्या वर्षांतल्या त्याच्या कुस्त्या बघितल्यात तर जाणवेल की तो एखाद्या मोठ्या भावाचा सदरा घालून वावरतोय, फक्त इथे सदरा भावाचा लहान आणि अंग याचं मोठं. हळूहळू तो जड वजनात गेला. १९८९ मध्ये गुडघ्याला मोठी दुखापत झाली, त्यातून सावरून तो १९९० च्या सुरुवातीला परतला.

त्या वर्षी वसंतात ऑल जपानचा बिनीचा मल्ल गेनिचिरो तेनऱ्यू संस्था सोडून गेला. मोठी पोकळी पडली. १४ मे १९९० ला टोकियोत जोड्यांची कुस्ती चालू होती. मिसावाचा जोडीदार होता तोशिआकी कावादा, शाळेच्या कुस्ती संघातला त्याचा एक वर्षाने धाकटा सोबती. कुस्ती चालू असतानाच मिसावा कावादाकडे पाठ करून उभा राहिला आणि मुखवट्याची नाडी सोडायला लावली. मुखवटा निघाला, त्याने तो गर्दीत भिरकावला आणि उघड्या चेहऱ्याने पुढची कुस्ती खेळला. लोक त्याच्या नावाचा गजर करत होते, वाघाच्या नव्हे. २५ दिवसांनी, ८ जूनला, निप्पॉन बुडोकानमध्ये त्याने जंबो त्सुरुता या सर्वश्रेष्ठ मल्लाला हरवलं. पुढची दहा-पंधरा वर्षं जपानी कुस्ती त्याच्या खांद्यांवर उभी होती. जून २००९ मध्ये हिरोशिमात तो रिंगमध्येच कोसळला आणि त्याच रात्री गेला. ती बातमी कळली त्या रात्री माझीही कुस्ती होती. आमच्यातला कुणीच नीट बोलू शकला नाही.

मिसावाची ती नाडी मी शेकडो वेळा बघितलीय. मुखवट्याची गाठ घालणाऱ्यालाच समजतं की त्यात काय आहे. गाठ स्वतःला नीट घालता येत नाही. डोक्याच्या मागे, खालून वर, घट्ट आवळत न्यावी लागते. ती दुसऱ्याने घालायची आणि दुसऱ्यानेच सोडायची. म्हणून ज्याच्या हातात पाठ द्यायची तो विश्वासातला लागतो. मिसावाने शाळासोबत्याला पाठ दिली, हे मला त्या सगळ्या प्रसंगातलं सर्वांत सुंदर वाटतं.

आता माझा अनुभव. मुखवटा चढवल्यावर पहिली गोष्ट जाते ती खालची नजर. स्वतःचे पाय दिसत नाहीत. दोरावर चढताना पायरी बघायची सोय नसते, मोजायची असते. बाजूचंही दिसत नाही, त्यामुळे सारखी मान वळवावी लागते. अनोळखी डोळ्यांना तीच त्या पात्राची लकब वाटते. माझ्या मुखवट्याला ओठांच्या जागी बारीक जाळी होती. घामाने कापड भिजलं की ते नाकपुड्यांना चिकटतं आणि श्वास अर्धा होतो. मी वस्तादांनी शिकवलेला जोरांचा दम घेऊन गेलो होतो, तरी पहिले दोन महिने चौथ्या मिनिटाला जीव घाबरा व्हायचा. माझ्याआधीचे दोघे गोरे होते आणि मी सावळा, म्हणून वेशाला पूर्ण बाह्या आणि हातमोजे आले. त्याने उष्मा आणखी वाढला.

चेहरा झाकला की दुखणं दाखवायला चेहरा उरत नाही. ते पाठीतून, खांद्यांतून, बोटांतून दाखवावं लागतं. मार बसल्यावर कुठला हात कुठे जातो, उठताना आधी गुडघा की तळवा, पडल्यावर किती वेळ निपचित राहायचं, हे ज्याचं पक्कं ठरलेलं असतं तो मुखवटा लोकांना माणूस वाटतो. हेच दिलं जातं. माझ्या आधीच्या मल्लाने मला नऊ संध्याकाळी शिकवलं. रिंगमध्ये शिरताना डावा पाय आधी. आत आल्यावर तीन श्वास स्तब्ध उभं राहायचं. पंचाकडे कधी बघायचं नाही. मार बसला की उजवा हात कंबरेवर. चालताना टाच शेवटी टेकवायची. डाव त्याने फारसे शिकवलेच नाहीत. म्हणाला, डाव तुझे तू आण, ते लोक माफ करतात.

आणि पहिल्याच रात्री मी घोळ केला. सगळं पाठ होतं. डावा पाय आत, तीन श्वास, नजर समोर. घंटा वाजली, समोरचा पुढे आला आणि माझा हात आपोआप मांडीवर गेला. मी सणसणीत शड्डू ठोकला. दहा वर्षं मातीत ठोकलेला शड्डू तो, बुद्धीला विचारून थोडाच येतो? समोरचा मल्ल क्षणभर जागीच थबकला. त्याला वाटलं मी काही इशारा करतोय. कुस्ती निभावली. पण कार्यक्रम संपल्यावर दारावर तिकिटं घेणाऱ्याने सांगितलं, जाताना तिघांनी विचारलं की आज आत दुसरा कुणी होता का. माझी उंची सारखी, वजन चार किलोंनी जास्त, अंग पूर्ण झाकलेलं. तरी त्यांनी एका थापेवरून ओळखलं. त्या रात्री मला सायामानंतरच्या मिसावाचं ओझं समजलं. लोक मुखवटा बघत नाहीत, सवयी बघतात. चेहरा नसला की सवयी उलट जास्तच स्पष्ट दिसतात.

म्हणून टायगर मास्कच्या पुढच्या वारसांकडे बघताना मी पाय बघतो. तिसरा, कोजी कानेमोतो, १९९२ मध्ये न्यू जपानमध्ये आला आणि जानेवारी १९९४ ला टोकियो डोममध्ये मुखवटा उतरवून मोकळा झाला. त्याचा पिंड उद्धट, तिखट, समोरच्याला डिवचणारा. ते कापडाआड गुदमरत होतं. मुखवट्याविना त्याने हलक्या वजनाची न्यू जपानची मानाची स्पर्धा तीनदा जिंकली, म्हणजे उतरवला ते योग्यच झालं.

चौथा मात्र टिकला. तो खुद्द सायामाच्या तालमीत तयार झाला आणि जुलै १९९५ मध्ये टोकियोच्या कोराकुएन सभागृहात पहिल्यांदा उतरला. २००२ पासून न्यू जपानमध्ये, २००४ आणि २००५ मध्ये लागोपाठ तीच मानाची स्पर्धा जिंकलेला, आणि तीन दशकं हाच मुखवटा. त्याचं खरं नाव शोधलं तर सापडतं. मी इथे लिहीत नाही, कारण ज्याने इतकी वर्षं ते झाकून ठेवलं त्याचा तेवढा मान राखावा. तो सायामाइतका चपळ कधीच नव्हता. पण लाथ उचलण्याआधीचा त्याचा खांदा बघा, मागे सरकताना टाकलेली दोन छोटी पावलं बघा. ते गुरूचं आहे, हाताला धरून शिकवलेलं. मिसावा आणि कानेमोतो यांना मुखवटा मिळाला होता, याला विद्या मिळाली. पहिल्या तिघांना जे मुक्कामाचं वाटलं नाही, ते चौथ्याला घर वाटलं, याचं कारण माझ्या मते एवढंच.

आता फसवणुकीचा प्रश्न. जपानने प्रत्येक वेळी दुसरा, चौथा असं सांगून टाकलं. काबुकी नाटकांत मोठ्या नटाचं नाव पुढचा नट समारंभाने घेतो आणि कितवा ते नावासोबत सांगितलं जातं. तीच रीत कुस्तीत आली. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, कुठलं सोंग कुठल्या घराचं हे गावाला ठाऊक असतं. बाप थकला की मुलगा तोच मुखवटा चढवून संबळाच्या तालावर नाचतो. कुणी म्हणत नाही की गावाला फसवलं. जिथे माणूस बदलला हे लोकांना माहीत आहे, तिथे फसवणूक नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

जिथे लपवलं जातं तिथे लोकांचा राग रास्त असतो. २०११ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूईने मेक्सिकोचा लाडका मल्ल मिस्तिको याला ‘सिन कारा’ म्हणून आणलं. या स्पॅनिश नावाचा अर्थ ‘चेहरा नसलेला’. त्याच उन्हाळ्यात नियमभंगामुळे त्याच्यावर ३० दिवसांची बंदी आली, तर त्या काळात मुखवट्यात दुसऱ्याला घालून काही न सांगता रिंगमध्ये पाठवलं. लोकांनी अंगकाठीवरून आणि पावलांवरून पकडलं. मग त्याचीच गोष्ट केली गेली, निळा सिन कारा विरुद्ध काळा सिन कारा. निळ्याने काळ्याचा मुखवटा काढला. पण शेवटी नाव कंपनीचं होतं. २०१३ पासून मुखवट्यात तोच दुसरा मल्ल राहिला आणि मूळ माणसाला मेक्सिकोत परतून दुसऱ्या नावाने उभं राहावं लागलं.

मालकीचा हा काटा ला पार्काच्या बाबतीत आणखी बोचतो. सांगाड्याचा वेश घालून नाचत येणारं हे पात्र अडोल्फो तापिया या मल्लाने १९९० च्या दशकात मेक्सिकोत उभं केलं, पण नावाची मालकी संस्थेकडे होती. तो अमेरिकेत गेल्यावर संस्थेने तोच वेश दुसऱ्याला दिला आणि मूळ मल्लाला ‘एल. ए. पार्क’ असं नाव घ्यावं लागलं. दोघांमध्ये वर्षानुवर्षं खरं वैर होतं. दुसरा ला पार्का ऑक्टोबर २०१९ मध्ये मोंतेरेत रिंगबाहेर झेप घेताना कठड्यावर आदळला आणि जानेवारी २०२० मध्ये गेला. त्यानेही वीसहून अधिक वर्षं त्या हाडांच्या वेशात घाम गाळला होता, मुलं त्याला बघत मोठी झाली होती. मग खरा ला पार्का कोण? मी या प्रश्नावर बरेच दिवस विचार केला. ज्याने पात्र रिंगमध्ये उभं केलं त्याचा हक्क डावलला गेला, हे अन्यायाचंच होतं. पण नंतर आलेल्याचा घाम खोटा होता, असं मी म्हणणार नाही. मुखवटा वाटून घेणाऱ्यांमध्ये भांडण लावून देते ती कागदावरची मालकी. म्हणून तरुण मल्ल विचारायला येतात तेव्हा मी आधी करारातलं नावाचं कलम वाचायला लावतो, डाव नंतर.

आणि हो, जपान यात पहिलं नव्हतं. मेक्सिकोत १९५० च्या दशकात उराकान रामिरेस हे पात्र आधी चित्रपटात आलं. पडद्यावर मुखवटा नटाचा आणि रिंगमध्ये मल्लांचा, तेही एकाहून अधिक. शेवटी दानिएल गार्सिया यांनी तो अनेक वर्षं चालवला. मांड्यांनी मान पकडून उलट फिरवायचा ‘हरिकनराना’ हा डाव त्याच नावावरून आला.

टायगर मास्कच्या बाबतीत एक घटना मला सगळ्या कुस्त्यांहून मोठी वाटते. २५ डिसेंबर २०१० ला गुन्मा प्रांतातल्या माएबाशी इथल्या बालकल्याण केंद्राच्या दाराशी कुणीतरी दहा नवी कोरी दप्तरं ठेवून गेलं. जपानमध्ये पहिलीत जाणाऱ्या मुलांना चामड्याचं भक्कम दप्तर देतात, ते महाग असतं आणि अनाथ मुलांना मिळणं कठीण. सोबतच्या चिठ्ठीवर नाव होतं नाओतो दाते, म्हणजे चित्रकथेतला तो अनाथ मल्ल. बातमी पसरली आणि काही आठवड्यांत देशभरातल्या आश्रमांच्या दारांशी दप्तरं, खेळणी, तांदळाची पोती, पैशांची पाकिटं येऊन पडू लागली. देणारे वेगवेगळे, सही तीच. त्यांतल्या कुणाला दोरावरून कोलांटी मारता येत नसेल. तरी मी त्यांना त्या मुखवट्याचे खरे वारसदार मानतो. नाओतो दातेने मुखवटा ज्या कामासाठी घातला होता, ते त्यांनी केलं.

माझा मुखवटा मी गुडघ्याने साथ सोडल्यावर दिला. थंड पाण्यात धुतला, सावलीत वाळवला, नवी नाडी ओवली. घेणारा मुलगा एकवीस वर्षांचा होता. त्याला मी आठ आठवडे शिकवलं. मुखवटा घालून जिने चढायला लावले, ताटातलं जेवायला लावलं, अर्धा तास झोपायला लावलं. डावा पाय, तीन श्वास, उजवा हात कंबरेवर, सगळं. शड्डू ठोकू नकोस हे सांगायची गरज नव्हती, पण तरी सांगितलं.

त्याची पहिली कुस्ती मी सभागृहात मागे, दाराजवळ उभा राहून पाहिली. डावा पाय आधी आला. तीन श्वास मी मनातल्या मनात मोजले. मग पहिला मार बसला आणि त्याचा हात कंबरेवर गेलाच नाही. तळवा मानेच्या मागे, नाडीच्या गाठीवर गेला आणि तिथे दाबून राहिला, गाठ अजून आहे ना हे चाचपावं तसा. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, आणि मलाही कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मध्यंतरात पुढच्या रांगेतली दोन मुलं एकमेकांना लुटुपुटीचे गुद्दे मारत होती. गुद्दा बसला की दोघंही तळवा मानेच्या मागे नेऊन दाबत होती.